पवन मावळातल्या फार्महाऊस मालकांना खुले पत्र : चोवीस तासांचं केनेल रद्द करा

प्रति,
बंगला-प्लॉटधारक संघटनेचे पदाधिकारी आणि सर्व फार्महाऊस मालक यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या संघटनेने नुकतंच सगळ्या बंगल्यांच्या केअरटेकरना एक परिपत्रक वाटलं. एका पानाचा कागद आहे. आवारातला प्रत्येक कुत्रा चोवीस तास केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्याच्या पिंजऱ्यात, ठेवायचा. केनेल बंगल्याच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीलगत हवं. लॉनवरून किंवा स्विमिंग पूलवरून ते दिसता कामा नये. केनेलला गोणपाट, ताडपत्री, खताच्या पिशव्या असलं काही बांधायचं नाही, बांधलेलं असेल तर काढून टाकायचं. जो केअरटेकर हे पाळणार नाही त्याची तक्रार थेट मालकाकडे जाईल. कारण एका ओळीत दिलंय : शनिवार-रविवारी बंगले भाड्याने घेणाऱ्या पाहुण्यांच्या तक्रारी येतात.

मी या भागात पशुवैद्यक म्हणून काम करते. माझं बरंचसं काम गाई-म्हशींचं, शेळ्यांचं. पण पवना धरणाच्या काठाने बंगले वाढत गेले तसे तुमचे कुत्रेही माझ्याकडे येऊ लागले. येऊ लागले म्हणजे मलाच बोलावलं जातं. फाटक उघडतो तो केअरटेकर, कुत्रा धरतो तोही तोच, आणि तुम्ही फोनवर असता. तुमच्यापैकी कित्येकांचा मी फक्त आवाज ओळखते. तुमचे कुत्रे मात्र मी अंगावरच्या खुणांसकट ओळखते.

परिपत्रक मला दाखवलं ते एका केअरटेकरच्या बायकोने. तिने विचारलं, "डॉक्टरताई, गोणी काढली तर पाऊस सरळ आत येणार. मग तिथं लावू काय?" हा प्रश्न माझ्यापेक्षा तुम्हाला विचारायला हवा, आणि ती तुम्हाला विचारू शकत नाही, कारण तिच्या नवऱ्याची नोकरी तुमच्या हातात आहे. म्हणून तिच्या वतीने मी विचारते आहे. उघडपणे विचारते आहे, कारण हे फक्त आमच्या मावळात चाललेलं नाही. मुळशी, पानशेत, कर्जत, अलिबाग, इगतपुरी, जिथे जिथे शहरातल्या माणसाने सुट्टीचं घर बांधलं तिथे मागच्या भिंतीला टेकून एक जाळीचं केनेल उभं आहे.

त्यातलं एक केनेल नीट सांगते, कारण ते तुम्ही पाहिलं नसण्याची शक्यता आहे. तुम्ही शुक्रवारी रात्री येता, रविवारी संध्याकाळी निघता, आणि तेवढा वेळ कुत्रा बाहेर असतो, आंघोळ घातलेला असतो.

चार फूट बाय सहा फूट. खाली कोबा, वर पत्रा, तीन बाजूंना वेल्डमेशची जाळी, चौथ्या बाजूला कंपाउंडची भिंत. कोब्याला उतार नाही, त्यामुळे पाणी आणि लघवी एकाच कोपऱ्यात साठते. आत एक जर्मन शेफर्ड. पुढच्या दोन्ही कोपरांवर केस गेलेले, कातडी जाड होऊन भेगाळलेली, एका बाजूला पाणी धरलेली सूज. कठीण जमिनीवर सतत अंग टाकलं की असं होतं. नखं वाढून आत वळलेली, कारण ती झिजायला चालावं लागतं. स्टीलच्या भांड्यात हिरवट पाणी. पावसाळ्यात आपल्याकडे कोब्यावर शेवाळ धरतं, तसं त्या कोब्यावरही धरलं होतं. फक्त एक गोल पट्टा स्वच्छ होता, वीतभर रुंद. तो कुत्रा दिवसभर त्याच पट्ट्यावरून, त्याच दिशेने फिरत होता. त्याच्या पायांखाली शेवाळ धरायला सवडच मिळाली नव्हती. मी जाळीशी उभी राहिले तेव्हाही तो थांबला नाही.

हा कुत्रा २०२०च्या लॉकडाऊनमध्ये पिल्लू म्हणून आणलेला. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर झोपलेला. घरातली मुलगी शिकायला परदेशी गेली, आईवडिलांना सोसायटीत त्याला फिरवणं जमेना, आणि त्याला इकडे सोडलं. त्या घरातली माणसं दुष्ट नाहीत. फोनवर त्या बाईंनी मला औषधाचा खर्च विचारला नाही, "काय लागेल ते करा" एवढंच म्हणाल्या. पण त्या कुत्र्याला औषध लागत नव्हतं. त्याच्यासाठी ते दार उघडायला हवं होतं.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही चोवीस तासांबद्दल आहे. पत्रा, जाळी, कोबा हे सगळं सुधारता येतं, त्याबद्दल पुढे लिहिते. पण उद्या तुम्ही संगमरवरी केनेल बांधलं आणि कुत्रा त्यात दिवसरात्र एकटा ठेवला तरी माझी तक्रार तीच राहील. कुत्रा हा हजारो वर्षं माणसाच्या वस्तीत, माणसाच्या पायात पायात राहिलेला प्राणी आहे. त्याला वास घ्यायला, चालायला, कुणाच्या तरी मागे जायला, कुणाच्या तरी जवळ झोपायला लागतं. आमच्या गावातला साधा गावठी कुत्रा बघा. त्याला खायला कमी मिळतं, कधी तो गाडीखाली येतो, कधी बिबट्या नेतो. त्याचं आयुष्य सुखाचं आहे असं मी म्हणणार नाही. पण थंडीच्या रात्री तो चुलीच्या उबदार राखेत अंग मुडपून झोपतो, सकाळी गुरांमागे रानात जातो, आणि त्याला हाक मारणारी चार माणसं असतात. तुमच्या कुत्र्याला महागडं खाद्य आहे, वंशावळीचा कागद आहे, आणि सोमवार ते शुक्रवार त्याच्याशी बोलायला कुणी नाही.

एकटं कोंडलेलं जनावर बिघडतं. गोल गोल फिरणं हे त्या बिघडण्याचं एक रूप. कुणी स्वतःचा पाय चाटून चाटून सोलतं, कुणी शेपटी चावतं, कुणी घसा बसेपर्यंत भुंकतं, आणि काही अगदी गप्प होतात. या गप्प झालेल्यांबद्दल मालक मला कौतुकाने सांगतात की हल्ली खूप शांत झालाय. तो शांत झालेला नसतो. त्याने आशा सोडलेली असते. नाडीला हात लावताना, कान तपासताना, सुई टोचताना जो कुत्रा डोळासुद्धा हलवत नाही, त्याची मला भुंकणाऱ्यापेक्षा जास्त काळजी वाटते.

आता उन्हाबद्दल. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ३८-४०पर्यंत जातो. वरून उघडा पत्रा तापला की केनेलच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी गरम होते, हे पत्र्याच्या खोलीत राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. माणसाला घाम येतो. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी जवळजवळ सगळ्या पंजांच्या तळव्यांत. अंग थंड ठेवायला त्याच्याकडे मुख्य साधन एकच, जीभ बाहेर काढून धापा टाकणं. आत शिरणारी हवाच तापलेली असेल तर धापा टाकून उपयोग होत नाही. निरोगी कुत्र्याचं अंग १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०६च्या वर गेलं की मेंदू, मूत्रपिंड, यकृत यांना इजा सुरू होते, आणि ती फार झपाट्याने होते. माझ्यापर्यंत फोन येतो तोवर जीभ जांभळी झालेली असते. हस्की, सेंट बर्नार्ड ही बर्फाळ मुलखातली, अंगावर दुहेरी केसांचा थर असलेली कुत्री तुमच्यातल्या काहींनी इथे आणून पत्र्याखाली ठेवली आहेत. त्यांच्याबद्दल मला राग येतो, तो मी लपवत नाही.

त्यात तुमच्या परिपत्रकाने जागा ठरवून दिली, मागच्या भिंतीलगत. मागच्या भिंतीलगत काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. जनरेटर तिथे असतो. सेप्टिक टँक तिथे असतो. कचऱ्याचे ड्रम तिथे असतात. इथे वीज वारंवार जाते, आणि पाहुणे असले की जनरेटर रात्र रात्र चालतो. ज्याचं नाक माणसापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे आणि ज्याला आपल्याला ऐकू न येणारे आवाजही ऐकू येतात, त्याला डिझेलच्या धुराच्या आणि त्या घरघरीच्या शेजारी तुम्ही कायमचं नेऊन ठेवता. त्याला तिथून उठून जाता येत नाही.

गोणीबद्दल मात्र मला जास्त लिहायचं आहे.

मावळातला पाऊस वरून पडत नाही, बाजूने येतो. लोणावळ्याकडे हंगामात चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, आणि त्या घाटमाथ्याचा वारा घेऊन तो पवनेच्या खोऱ्यात उतरतो. म्हणून इथला शेतकरी मृगाच्या आधी घराला आणि गोठ्याला पश्चिमेकडून झड, म्हणजे पावसाचा आडोसा, लावतो. गवताची, पेंढ्याची, नाही तर आता प्लॅस्टिकची. माणसाच्या आधी गोठ्याची लावतो, कारण भिजलेली गाय आजारी पडते आणि दूध आटतं. हे इथल्या पोरासोरांना कळतं. म्हणूनच तुमच्या केअरटेकरांनी, कुणी न सांगता, केनेलच्या पश्चिमेकडच्या जाळीला खताच्या गोण्या शिवून बांधल्या. गोणी उसवून, दोन-दोन जोडून, सुतळीने. ती त्यांची स्वतःची अक्कल आणि स्वतःची माया. त्या गोणीमुळे कुत्र्याला निदान एक कोपरा कोरडा मिळत होता.

आणि तुम्ही ती काढायला सांगितलीत, कारण फोटोत वाईट दिसतं.

काढल्यावर काय होतं ते सांगते. चार महिने कुत्रा ओला राहतो. ओल्या केसांखाली कातडी कुजते, चट्टे पडतात, खाज सुटते, खाजवून जखम होते. श्रावणातल्या माशा त्या जखमेवर बसतात आणि अळ्या पडतात. बोटांच्या बेचक्यात, कानात, शेपटीखाली. मी त्या चिमट्याने काढल्या आहेत, आणि कुत्रा त्या वेळी किती सोसतो ते शब्दांत लिहिणार नाही. सांधे धरतात ते वेगळंच. सात-आठ वर्षांच्या लॅब्रेडॉरला भाद्रपदात कोब्यावरून उठताना पाहिलं तर त्याला आधी पुढच्या पायांवर रेटून मग मागचं अंग ओढावं लागतं.

आता जी गोष्ट माणसांनाही लागते ती. गोचीड. केनेलमधली तपकिरी गोचीड अंगावर पोट भरते आणि उतरून भिंतीच्या भेगांत, पत्र्याच्या वळचणीला, दाराच्या चौकटीत अंडी घालते. एक मादी हजारोंनी अंडी घालते. म्हणून कुत्र्याला औषध लावलं आणि केनेल तसंच राहिलं तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच. या गोचिडांतून होणाऱ्या तापात रक्तातल्या प्लेटलेट खाली येतात, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर कुत्रा जातो. लक्षात कुणाच्या येणार? जो रोज त्याच्या तोंडाशी बसतो, त्याच्या. पिंजऱ्याबाहेरून ताट सरकवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. दुसरी गोष्ट लेप्टोस्पायरोसिस. सांडलेल्या खाद्यावर उंदीर येतात, उंदरांच्या मुतातून हा रोग साठलेल्या पाण्यात उतरतो, तिथून कुत्र्याला होतो आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो. उतार नसलेल्या त्या कोब्यावरचं पाणी तुमच्या केअरटेकरची बायको अनवाणी पायांनी झाडूने लोटते. तिला गमबूट कुणी दिलेले नाहीत. कुत्र्याला दरवर्षी द्यायच्या एकत्रित लसीत लेप्टोचाही अंश असतो, पण कित्येक कुत्र्यांचं लसीकरणाचं पुस्तक मी मागते तेव्हा ते मुंबईतल्या कपाटात असतं.

केअरटेकरबद्दल एवढंच म्हणते की त्याला दोष देऊ नका. त्याला पगार बाग, पूल, साफसफाई आणि पाहुण्यांच्या दिमतीचा मिळतो. कुत्रा त्या पगारात वर टाकलेला आहे. काही ठिकाणी आधीच्या माणसाला कुत्रा चावला म्हणून नवा माणूस कुत्र्याला घाबरतो, आणि भीतीपोटी दार उघडत नाही. त्याला कुणी शिकवलेलं नाही.

तुमची बाजू मला ठाऊक आहे, आणि त्यातली एक गोष्ट खरी आहे. बिबट्या. इथे बिबट्या आहे, आणि त्याला कुत्रा आवडतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा एकट्या पाळीव कुत्र्यांचा निघाला. त्यामुळे रात्री कुत्रा उघड्यावर साखळीला बांधणं म्हणजे त्याला बिबट्यापुढे ठेवणं आहे. रात्रीसाठी भक्कम, वरूनही बंद, आतून कडी न निघणारं केनेल हवंच. मी केनेलच्या विरोधात नाही. अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत कुत्रा आत ठेवा. उजाडल्यावर दार उघडा. तुमच्या परिपत्रकात बिबट्याचं नावही नाही. तिथे पाहुणे आहेत.

दुसरी बाजू राखणीची. कोंडलेला कुत्रा राखण करत नाही. भिंतीपलीकडे कुणी आलं तर तो भुंकेल, पण तो वाऱ्यालाही भुंकतो, वानरालाही भुंकतो, म्हणून त्याच्या भुंकण्याकडे शेजारीपाजारी लक्ष देणं सोडतात. आणि वर्षानुवर्षं माणसांपासून तोडलेला कुत्रा एखाद्या दिवशी कडी सैल राहून सुटला, तर समोर येईल त्याला चावण्याचा धोका मोठा असतो. त्या वेळी समोर तुमच्या पाहुण्यांचं लहान मूल असू शकतं. पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठीच तुम्ही हा नियम केला असेल, तर रोज मोकळा फिरणारा, माणसांची सवय असलेला, लस टोचलेला कुत्रा हीच खरी सुरक्षितता आहे.

कायदाही तुमच्या परिपत्रकाच्या बाजूने नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा आहे. राज्यसभेत नृत्यांगना आणि खासदार रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्याचा पाठपुरावा केला होता. त्याच्या कलम ११मध्ये हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा गुन्हा आहे. अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीला बांधणं हा गुन्हा आहे. पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा मालकाचा गुन्हा आहे. आणि नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्यात मालकाने कसूर करणं, हा तर कुत्र्याचं नाव घेऊन लिहिलेला स्वतंत्र गुन्हा आहे. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबद्दलच्या नागराजा खटल्यात प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं या कायद्याशी जोडली : भूक-तहानेपासून, गैरसोयीपासून, वेदना-आजारापासून, भीती-तणावापासून मुक्ती, आणि आपल्या जातीला साजेसं वागण्याचं स्वातंत्र्य. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र अजूनही १० ते ५० रुपये आहे. पन्नास रुपयांच्या भीतीने कुणी सुधारत नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच मी पोलिसांकडे न जाता आधी तुमच्याकडे आले आहे.

जर्मन शेफर्ड तुमच्यात इतका आवडता आहे, तर त्याच्या मूळ देशाचा नियमही सांगते. जर्मनीत ५० ते ६५ सेंटिमीटर उंचीच्या कुत्र्यासाठी, म्हणजे शेफर्डच्या मापाला, केनेल किमान ८ चौरस मीटर लागतं. आपल्या मापात सुमारे ८६ चौरस फूट. झोपायला थंडी न शिरणारी कोरडी जागा वेगळी, आणि केनेलबाहेर रोज पुरेसं फिरवणं बंधनकारक. २०२३पासून तिथे कुत्रा कायम साखळीला बांधून ठेवायलाही बंदी आहे. मी वर वर्णन केलेलं केनेल २४ चौरस फुटांचं होतं. तुमच्या आवारात जागेची टंचाई नाही. कित्येकांचा पूल त्याच्या दहापट आहे.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत.

परिपत्रकातली चोवीस तासांची सूचना मागे घ्या आणि तसं केअरटेकरना लेखी कळवा, कारण तोंडी सांगितलेलं त्यांच्या कामाचं नाही. उद्या कुणी मालक ओरडला तर त्यांच्या हातात कागद हवा. केनेल रात्रीपुरतं. दिवसा कुत्रा कुंपण घातलेल्या आवारात मोकळा, आणि सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास कुणीतरी त्याच्याबरोबर चालणारं. पाहुणे असतील त्या दिवशी आवाराचा एक भाग जाळीचं फाटक लावून वेगळा करा. निदान पंधरा बाय वीस फूट, झाडाखाली. तेवढी जागा प्रत्येक प्लॉटमध्ये आहे.

मृग लागायच्या आत झड लावा. गोणी आवडत नसेल तर बांबूची चटई लावा, लाकडी फळ्या लावा, कौलं लावा, ते तुमच्या पैशाने आणि तुमच्या आवडीने करा. पण नवीन आडोसा उभा राहीपर्यंत जुन्या गोणीला कुणी हात लावू नये. पत्र्यावर गवताचा थर किंवा दुसरं छत हवं, मध्ये वारा खेळायला वीतभर फट ठेवून. कोब्यावर जमिनीपासून सहा इंच उचललेली लाकडी फळी हवी, ज्यावर कुत्र्याला पाय ताणून आडवं होता येईल. कोब्याला उतार आणि पाणी जायला मोरी. केनेल जनरेटरपासून आणि सेप्टिक टँकपासून लांब, घराच्या अशा बाजूला जिथून त्याला माणसांची ये-जा दिसेल.

प्रत्येक कुत्र्याच्या लसीकरणाच्या पुस्तकाची प्रत बंगल्यावर ठेवा. रेबीजची लस दरवर्षी, एकत्रित लस दरवर्षी, गोचिडाचं औषध कुत्र्याला आणि केनेललाही. केअरटेकरला कुत्र्याच्या कामाचे वेगळे पैसे द्या, गमबूट आणि हातमोजे द्या, आणि अडचणीच्या वेळी तुम्हाला न विचारता डॉक्टर बोलावण्याचा अधिकार द्या. मे महिन्यातल्या दुपारी मालक मीटिंगमध्ये आहेत म्हणून फोन लागेपर्यंत थांबलेला एक तास पुष्कळदा जीव घेतो.

आणि ज्यांना यातलं काही जमणार नाही, त्यांनी कुत्रा ठेवू नये. राखणीला माणूस ठेवा, कॅमेरे लावा. आहे त्या कुत्र्यासाठी चांगलं घर शोधायला मी मदत करीन. या भागात अशी घरं आहेत, शेतकऱ्यांची आहेत, निवृत्त जोडप्यांची आहेत. पण त्याला रस्त्यावर किंवा घाटात सोडून देऊ नका. तसे सोडलेले कुत्रे दर पावसाळ्यानंतर मला लोहगडाच्या आणि तुंगच्या रस्त्यावर दिसतात, गळ्यात महागडा पट्टा असलेले.

पाहुण्यांबद्दल एक सुचवते. बंगला भाड्याने देताना आवारात कुत्रा आहे, त्याचं नाव अमुक, तो असा असा आहे, हे आधीच कळवा. ज्यांना कुत्र्याची भीती वाटते ते दुसरा बंगला घेतील. ती भीती खरी असते आणि तिचा मान राखायला हवा. पण कुणाच्या दोन दिवसांच्या मुक्कामासाठी कुत्र्याचं आख्खं आयुष्य मागच्या भिंतीला टेकवून ठेवणं, हा त्यावरचा उपाय नाही.

मृगाला आता फार दिवस उरलेले नाहीत. त्याआधी संघटनेची सभा बोलवा. मला बोलावलंत तर मी येईन. रविवारी सकाळी तुम्ही इथे असता तेव्हा ज्याला हवं त्याच्या बंगल्यावर येऊन केनेल कुठे आणि कसं हवं ते विनामूल्य दाखवीन, केअरटेकरना कुत्रा कसा हाताळायचा ते शिकवीन. सभेत उत्तर मिळालं नाही, किंवा पाऊस सुरू झाल्यावर त्या जाळ्या उघड्याच दिसल्या, तर जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे बंगलानिहाय लेखी तक्रार करीन. त्यात मी केलेल्या तपासण्यांच्या नोंदी जोडलेल्या असतील. तक्रारीत नाव मालकाचं असेल, केअरटेकरचं नाही.

आपली,
पवन मावळातली एक पशुवैद्यक